बिलियर्ड्सपटू विल्सन जोन्स

बुऱ्हाणपुरातील ओट्यांवर कॅरम खेळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस बिलियर्ड्सचे हिरव्या कापडाचे भलेमोठे टेबल अपरिचित असेल. तथापि त्याच टेबलावरील स्नूकर हा खेळ आपल्याच राज्यातील जबलपूर येथे १८७५ साली जन्मास आला. नेव्हिल चेंबरलेन या तरुण लष्करी अधिकाऱ्याने पूलच्या खेळात निराळे रंगीत चेंडू मिसळून तो काढला. या जबलपुरी अपत्यानेच पुढे वडीलधाऱ्या बिलियर्ड्सची जागा बळकावली.

विल्सन जोन्स यांचा जन्म २ मे १९२२ रोजी पुण्यास झाला. त्यांच्या बालपणी बिलियर्ड्सचा थाट मोठा होता. परंतु इंग्लंडातील धंदेवाईक खेळाडूंच्या नैपुण्यानेच त्याचा घात केला. १९३२ साली ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमने एका डावात सलग ४,१३७ गुण मिळविले. तोवर समोर नुसता बसून राहिलेला प्रतिस्पर्धी होता जो डेव्हिस! असा खेळ तिकीट काढून कोण पाहणार? डेव्हिसने हे आधीच ओळखले होते. १९२७ पासून त्याने स्नूकरची धंदेवाईक अजिंक्यपद स्पर्धा उभी केली, आणि लोक तिकडे वळले.

बिलियर्ड्स उरले ते हौशी खेळाडूंच्या हाती. जोन्स स्नूकरही उत्तम खेळत. त्याचे राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी पाच वेळा मिळविले. पण बिलियर्ड्सचे बारा वेळा! १९५८ साली कलकत्त्यास ते हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. वैयक्तिक खेळात जागतिक अजिंक्यपद मिळविणारे ते पहिले भारतीय. १९६४ साली न्यूझीलंडात त्यांनी तो मान पुन्हा मिळविला. या सुमारास धंदेवाईक बिलियर्ड्सचे जागतिक पद क्लार्क मॅककॉनकीकडे १९५१ पासून १९६८ पर्यंत आव्हानावाचून पडून होते, हे ध्यानी घेतले म्हणजे हौशी मंडळींनी काय सांभाळले ते कळते.

१९६९ साली रंगीत दूरचित्रवाणीला स्नूकरचे रंगीत चेंडू सोयीचे वाटले. १९७६ पासून एका सिगारेट कंपनीने त्याच्या जागतिक स्पर्धेस द्रव्य पुरविले. खेळाडूलाही पोट आहे, म्हणून जाहिरातीस आम्ही सरसकट नावे ठेवणार नाही. मात्र सिगारेटच्या पैशावर खेळ वाढावा, हे आम्हां शिक्षकांस रुचणे कठीण.

जोन्स यांनी उतारवयात तरुणांस शिकविले. १९९२ साली मुंबईत गीत सेठी धंदेवाईक बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. जोन्स यांना १९९६ साली द्रोणाचार्य पुरस्कार लाभला आणि ५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईतच त्यांचे देहावसान झाले.