विधिमंडळातील बाबासाहेब

लोकप्रतिनिधीच्या कामगिरीचा हिशेब त्याने संमत करवून घेतलेल्या कायद्यांवरच मांडावयाचा झाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मुंबई विधिमंडळातील कारकीर्दीची जमेची बाजू फार मोठी दिसणार नाही. परंतु असा हिशेब मुळातच अपुरा होय.

बॅरिस्टर होऊन परतल्यावर बाबासाहेबांनी १९२३ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. वास्तव्य परळच्या बी. आय. टी. चाळीत आणि कचेरी परळच्याच दामोदर हॉलमध्ये. १९२७ साली ते सरकारनियुक्त सभासद म्हणून प्रांतिक कायदे कौन्सिलात गेले. कामकरी स्त्रियांना बाळंतपणात विश्रांती व भत्ता देणाऱ्या विधेयकाचा त्यांनी १९२८ मध्ये हिरिरीने पुरस्कार केला. पुढील वर्षी तो कायदा झाला. महार वतनाचे मात्र तसे झाले नाही. तुटपुंजी जमीन आणि बलुते यांच्या मोबदल्यात अहोरात्र सरकारी चाकरी करावयास लावणाऱ्या या पद्धतीत पालट घडविणारे विधेयक त्यांनी १९२८ मध्ये मांडले. १९२९ साली ते मागे घ्यावे लागले.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि १९३७ च्या निवडणुकीत ते भायखळा-परळ भागातून विधानसभेवर निवडून आले. परळ-लालबागच्या गिरण्यांत राबणाऱ्या कित्येकांची घरे कोकणात होती आणि तेथील शेतीवर खोतांचा अंमल होता. त्यामुळे १९३७ च्या सप्टेंबरात त्यांनी मांडलेले खोती निर्मूलनाचे विधेयक गिरणगावाच्याही जिव्हाळ्याचे ठरले. १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. तरीही विधेयक संमत झाले नाही. त्याच वर्षी संपाच्या हक्कावर मर्यादा घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकास त्यांनी सभागृहात विरोध केला व ७ नोव्हेंबरला कामगारांच्या एक दिवसाच्या संपात पुढाकार घेतला. बहुमताच्या बळावर तोही कायदा झालाच.

खालच्या न्यायालयात निकाल विरुद्ध जाण्याची चिन्हे असली, तरी चांगला वकील आपले म्हणणे दप्तरी नोंदवून ठेवतो. अपिलात तेच उपयोगी पडते. बाबासाहेबांची विधेयके याच जातीची होती. ज्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात खोतीचे विधेयक अडले, त्याच खेरांच्या पुढील राजवटीत १९४९ चा खोती निर्मूलन कायदा झाला. महार वतनासारखी कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. ते पाहावयास बाबासाहेब हयात नव्हते. सभागृहातील अल्पमत म्हणजे अरण्यरुदन, असे मानणाऱ्यांनी या दोन सालांचा अवश्य विचार करावा.