कुलूपवाल्याचा मुलगा

दहावीच्या विज्ञानात ओहमचा नियम होता. विभवांतर भागिले विद्युतधारा म्हणजे रोध. मी तो पाठ केला, पेपरात लिहिला आणि सोडून दिला. ओहम नावाचा एक माणूस होता, त्याचं एक घर होतं, हे तेव्हा मनातसुद्धा आलं नाही.

जॉर्ज सायमन ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतल्या एर्लांगेन गावी झाला. वडील कुलपं बनवणारे कारागीर. त्यांचं रीतसर शिक्षण झालं नव्हतं, पण स्वतःच वाचून वाचून त्यांनी गणित आणि विज्ञान आत्मसात केलं होतं. सात मुलांपैकी तीनच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. जॉर्ज आणि धाकटा मार्टिन यांना वडिलांनी घरीच शिकवलं. पुढे मार्टिनही नावाजलेला गणिती झाला.

१८०५ मध्ये जॉर्ज विद्यापीठात गेला आणि चक्क बिघडला! नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड्स यांतच त्याचा वेळ जाऊ लागला. स्वतःला न मिळालेली संधी मुलगा उधळतोय, हे वडिलांना सोसवलं नाही. तीन सत्रांतच त्यांनी त्याला कॉलेजातून काढलं. सतराव्या वर्षी जॉर्ज स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणित शिकवायला गेला. तिथे मात्र तो एकट्यानेच अभ्यासाला लागला. १८११ मध्ये घरी परतून त्याने डॉक्टरेट मिळवली.

पण पदवीने पोट भरत नाही. काही वर्षं कमी पगाराच्या मास्तरकीत गेली. १८१७ मध्ये भूमितीवर लिहिलेल्या पुस्तकामुळे त्यांना कोलोन शहरातल्या जेझुइट गिम्नाझियममध्ये नोकरी मिळाली. ओहम प्रोटेस्टंट घरातले आणि शाळा कॅथलिक परंपरेची. या शाळेतली प्रयोगशाळा सुसज्ज होती. शिकवून झालं की ते तिथे जाऊन बसत.

त्यांचा प्रश्न साधा होता. तार लांब केली की वीज किती कमी होते? १८२५ मध्ये त्यांनी घाईने एक लेख छापला आणि त्यातलं सूत्र चुकलं. दोष बॅटरीचा होता. त्या काळच्या बॅटरीचा जोर वापरता वापरता बदलायचा, म्हणून मोजमाप स्थिर राहत नसे. तेव्हा पोगेनडॉर्फ या संपादकाने त्यांना वेगळी वाट सुचवली. बिस्मथ आणि तांबं जोडायचं, एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवायचा आणि दुसरा बर्फात. दोन्हीकडचं तापमान हलत नाही, त्यामुळे विजेचा जोरही हलत नाही. ओहम यांनी वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या आणि टांगलेली चुंबकसुई किती फिरते ते मोजलं. अशा नाजूक कामाला कारागिराच्या घरातला हात उपयोगी पडला असणार, असं मला वाटतं. १८२६ मध्ये उत्तर मिळालं. बाहेरच्या तारेचा आणि जोडणीचा स्वतःचा, असा एकूण रोध दुप्पट झाला की धारा निम्मी होते.

आपल्या घरच्या इस्त्रीचंच घ्या. २३० व्होल्टवर ती ५ अँपिअर धारा घेत असेल, तर २३० भागिले ५, म्हणजे तिचा रोध ४६ ओहम. आता तेच दोन आकडे गुणा: २३० गुणिले ५, म्हणजे ११५० वॅट. ही तिची शक्ती. हा दुसरा हिशेब ओहम यांचा नाही. तारेत किती उष्णता निर्माण होते, त्याचा नियम पुढे जूल यांनी १८४१ मध्ये छापला. धारेचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे २५ गुणिले ४६. उत्तर पुन्हा ११५०! दोन माणसं, दोन वाटा, पण हिशेब जुळतो.

अर्ध्या पगाराची रजा काढून ओहम बर्लिनला गेले आणि १८२७ मध्ये त्यांनी आपलं पुस्तक छापलं. या पुस्तकावर विद्यापीठात जागा मिळेल, अशी त्यांना आशा होती. पण स्वागत थंड झालं. गणिताच्या अंगाने विजेकडे पाहणं तिथल्या अनेकांना रुचलं नाही. दुखावलेल्या ओहम यांनी १८२८ मध्ये कोलोनची नोकरीही सोडली. मग बर्लिनमध्ये किरकोळ शिकवणं आणि १८३३ पासून न्युरेम्बर्गची तंत्रशाळा. लग्न त्यांनी केलंच नाही.

मान आधी परदेशातून आला. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक दिलं. त्याच वर्षी पुस्तकाचं इंग्रजी भाषांतरही निघालं. आम्हा साहित्यवाल्यांना भाषांतराचं मोल वेगळं सांगायला नकोच. म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचं प्राध्यापकपद मिळालं ते १८५२ मध्ये, पुस्तकानंतर २५ वर्षांनी. ते सुख जेमतेम दोन वर्षं टिकलं. ६ जुलै १८५४ रोजी ओहम गेले. १८८१ मध्ये पॅरिसच्या परिषदेने रोधाच्या एककाला त्यांचं नाव दिलं.

मला सारखं त्या १८२५ च्या चुकीच्या लेखाचं नवल वाटतं. छापून झालेली चूक सगळ्यांसमोर असते, ती लपवता येत नाही. या माणसाने तिच्यावर पांघरूण घातलं नाही, पुन्हा पाणी उकळायला ठेवलं आणि पुन्हा मोजलं. दहावीत पाठ केलेली ती एक ओळ तिथून आली आहे.