तंजावरचे सरफोजी महाराज

पुनावळ्याच्या अंगावरून जो हमरस्ता रात्रंदिवस वाहत असतो, तो सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर असा दक्षिणेस उतरत थेट चेन्नईस जाऊन थांबतो. वर्गात बसलेल्या मुलांस त्यावरील वाहनांचा घोष ऐकू येतो. तो रस्ता कोठवर जातो याचा विचार मात्र फारसे कोणी करीत नाही. आमच्या विद्यार्थ्यांपैकी काहींचे आईबाप कारखान्यांतील चाकरीसाठी याच वाटेने तमिळ मुलखातून इकडे आले. गेल्या वर्षी मधल्या सुटीत अशा एका मुलास त्याच्या सोबत्यांनी, तू येथला नव्हेस, असे म्हणून हिणविले. त्या वेळी तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने आम्हांस विचारले की, मराठी माणसे कधी आमच्या देशी येऊन राहिली होती काय? त्याचे उत्तर आम्हांस तासाभरात देता आले नाही. ते येथे एका राजपुरुषाच्या चरित्राच्या रूपाने देत आहोत.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी इ. स. 1675 च्या सुमारास तंजावर हस्तगत केले, हे विद्यार्थ्यांनी इतिहासाच्या पुस्तकात वाचलेच असेल. त्यांच्या वंशाने कावेरीकाठच्या त्या सुपीक प्रांतावर सुमारे 180 वर्षे राज्य केले. या घराण्यातील तुळजाजी राजांस अखेरच्या दिवसांत औरस वारस उरला नव्हता. म्हणून त्यांनी 1787 च्या जानेवारीत भोसले कुळातील एक बालक दत्तक घेतले. 24 सप्टेंबर 1777 रोजी जन्मलेले हे बालक म्हणजेच आपले चरित्रनायक दुसरे सरफोजी महाराज होत.

मरणाची चाहूल लागताच तुळजाजींनी या नऊ वर्षांच्या मुलाचा हात ज्यांच्या हाती देऊ केला, ते रेव्हरंड ख्रिस्तियन फ्रिडरिख श्वार्ट्झ जातीने जर्मन. 1750 साली ते तरंगंबाडीस उतरले, आणि पुढे 48 वर्षे तमिळ देश सोडून परत गेले नाहीत. तमिळ तर ते उत्तम बोलतच. दरबारातील मंडळींशी बोलता यावे म्हणून मराठीही शिकले होते. हैदर अलीकडे बोलणी करण्यास मद्रास सरकारने 1779 साली याच धर्मोपदेशकास पाठविले, इतका त्यांच्या शब्दाचा भरवसा होता. परंतु तुळजाजींची विनंती त्यांनी जशीच्या तशी मान्य केली नाही. कारभार राजाचे सावत्र बंधू अमरसिंग यांच्याकडे असावा, असे त्यांनी सुचविले. सज्जनाकडूनही चूक घडते. ही चूक त्या मुलास फार महाग पडली, असे आम्हांस वाटते.

कारण अमरसिंग पुढे कारभारी न राहता राजेच झाले. दत्तकविधान शास्त्रास धरून नाही, असा कौल पंडितांकडून मिळाला, आणि कंपनी सरकारने तो उचलून धरला. लहानग्या सरफोजीस वाड्यात जवळजवळ कोंडूनच ठेवण्यात आले. त्याच्या शिक्षणाकडे कोणी पाहीना. श्वार्ट्झ यांनी मद्रास सरकारकडे तक्रारींवर तक्रारी केल्या. अखेर 1793 साली सरफोजींस व तुळजाजींच्या राण्यांस मद्रासेस हलविण्यात आले. तेथे रेव्हरंड गेरिके यांच्या देखरेखीखाली त्यांचे विद्यार्जन नीट सुरू झाले. दत्तकाच्या प्रश्नाचा फेरविचार झाला, पंडितांचे मत पालटले, आणि 29 जून 1798 रोजी सरफोजी तंजावरच्या गादीवर बसले. ज्या गुरूंनी ही खटपट केली, ते मात्र त्याच वर्षी 13 फेब्रुवारीस निवर्तले होते. राज्यारोहणाचा समारंभ त्यांना पाहावयास मिळाला नाही.

गादी मिळाली, राज्य मात्र फार दिवस राहिले नाही. 1799 च्या ऑक्टोबरातील तहाने साऱ्या प्रांताचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला व भोवतालची थोडी भूमी, सालीना एक लक्ष होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा, एवढेच उरले. बावीस वर्षांच्या तरुणास हा आघात लहान नव्हे. अशा स्थितीत अनेक संस्थानिक शिकारीत आणि नाचरंगात बुडून गेले. सरफोजींनी काय केले, ते पाहण्यास तंजावरासच जावे लागते. कारण त्यांचे उत्तर मुख्यतः दगडात, कागदात आणि छापील अक्षरांत आहे.

प्रथम दगडाविषयी. शिवगंगा तलावाजवळ श्वार्ट्झ यांनी 1779 साली बांधलेले चर्च आजही उभे आहे. त्यात पांढऱ्या संगमरवराचे एक उठावाचे शिल्प आहे. आजारी श्वार्ट्झ बिछान्यावर पडले आहेत. तरुण राजा त्यांचा हात हाती घेऊन उभा आहे. जवळ गेरिके आहेत, दरबारी आहेत, आणि बिछान्यापाशी शाळेची मुले आहेत. हे शिल्प सरफोजींनी स्वखर्चाने लंडनचे नामांकित मूर्तिकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून करवून घेतले. फ्लॅक्समन हिंदुस्थानात कधीच आले नव्हते. जो देश आणि जी माणसे त्यांनी पाहिली नव्हती, त्यांचा शोक त्यांनी दगडात उतरविला. समाधीच्या शिळेवरील इंग्रजी कवन स्वतः सरफोजींनी रचलेले आहे. सरफोजी महाराज जन्मभर आपल्या कुलधर्माप्रमाणेच वागले, शिवाचे भक्त राहिले. आणि श्वार्ट्झ यांनीही त्या मुलास विद्या दिली ती कोणती अट घालून नव्हे. राजाने गुरूचे स्मारक देवळात न करता गुरूच्याच प्रार्थनामंदिरात केले, ही गोष्ट आम्हांस त्या शिल्पाइतकीच सुंदर वाटते.

दुसरा दगड बृहदीश्वराचा. राजराज चोळाने सुमारे 1010 साली पूर्ण केलेल्या या मंदिराचे विमान साठ मीटरांहून उंच असून त्याच्या भिंतींवर चोळांचे तमिळ लेख जागोजाग कोरलेले आहेत. देवास कोणी काय अर्पिले याचा तो दगडी जमाखर्चच म्हणावयाचा. सरफोजींनी मंदिराची दुरुस्ती करविली, आणि 1803 साली त्याच्या आवारातील भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. भिंतीमागून भिंत ओलांडीत जाणारा असा विस्तीर्ण मराठी शिलालेख महाराष्ट्रातही सापडणे कठीण. प्रारंभी सांगितलेला आमचा विद्यार्थी मे महिन्याच्या सुटीत आजोळी गेला असता या भिंतीपाशी मुद्दाम गेला. ज्या बालबोध लिपीचे धडे त्याने आमच्या वर्गात गिरविले, ती अक्षरे तेथे वाचून त्याने आपल्या आजीस त्यांचा अर्थ तमिळमध्ये सांगितला. आजी त्या देवळात लहानपणापासून जात असे; ती भिंत काय बोलते हे तिला त्या दिवशी प्रथम कळले.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. राजराज चोळाचा पुतळा 1972 साली उभारावयाचा ठरला, तेव्हा तो मंदिराच्या आत बसविण्यास केंद्र सरकारची अनुमती मिळाली नाही. म्हणून तो बाहेर उभा आहे. मंदिर बांधणारा बाहेर, आणि दूरदेशाहून आलेल्या राजघराण्याची वंशावळ आत! प्राचीन वास्तू जतन करण्याचे नियम असतात, हे आम्हांस मान्य आहे. तरी तमिळ मनास ही गोष्ट लागली असल्यास नवल नाही.

आता कागद आणि छापील अक्षरे. 1805 साली महाराजांनी तंजावरात देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला. त्यातून 1806 साली बालबोध मुक्तावली हे पुस्तक निघाले. इसापाच्या नीतिकथा सख्खण पंडितांनी मराठीत केल्या होत्या. मुंबई-पुण्याकडे मराठी मुलांसाठी पुस्तके छापली जाण्यापूर्वीच कावेरीकाठी हे घडले! महाराजांनी स्वतः देवेंद्र कुरवंजी नावाचे मराठी नाटक लिहिले. कुरवंजी हा अस्सल तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरातील कुरव जातीची स्त्री हात पाहून भविष्य सांगते. महाराजांनी या साच्यात चक्क पृथ्वीचा भूगोल घातला. भूगोलाच्या तासाला जांभया देणाऱ्या विद्यार्थ्यांनी याची नोंद घ्यावी.

वैद्यकाचीही त्यांना मोठी आवड होती. वाड्यातील धन्वंतरी महालात औषधे तयार होत आणि नेत्ररोग्यांवर शस्त्रक्रिया होत. रोग्यांच्या नोंदी व त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे अद्याप जपून ठेवलेली आहेत. 1820 साली ते मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेस निघाले आणि येताना हस्तलिखिते घेऊन आले. नायक राजांच्या काळापासून चालत आलेला सरस्वती महाल ग्रंथसंग्रह त्यांनी असा वाढविला की, आज तेथे संस्कृत, तमिळ, मराठी व तेलुगू मिळून चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत.

त्यांचे सर्वच आम्हांस रुचते असे नाही. नेपोलियनचा पाडाव झाला म्हणून त्यांनी 1814-15 मध्ये समुद्रकिनारी मनोरा नावाचा आठ मजली षट्कोनी बुरूज बांधविला. ज्यांनी आपले राज्य घेतले, त्यांच्या विजयाचा उत्सव दगडात कोरावा, याचा उलगडा आम्हांस होत नाही. कदाचित ज्याचे सर्वस्व कंपनीच्या मर्जीवर अवलंबून होते, त्याला असा बुरूज बांधणे भागच असेल. 2004 च्या त्सुनामीने त्या वास्तूस इजा केली. पुढे तिची डागडुजी झाली.

सरफोजी महाराज 7 मार्च 1832 रोजी निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजी राजे 1855 साली पुत्रसंतानावाचून वारले, तेव्हा कंपनीने उरलासुरला वाडाही आपला म्हटला. मराठी कुटुंबे मात्र तेथून गेली नाहीत. त्यांचे वंशज आजही घरात मराठी बोलतात. ती आपल्या कानांस थोडी जुनी, थोडी तमिळ वळणाची वाटते.

त्या वाड्यात 1951 साली कलादालन उघडण्यात आले. मेणाचा साचा वितळवून चोळकाळच्या तमिळ कारागिरांनी ओतलेल्या नटराजाच्या, पार्वतीच्या व संतांच्या कांस्यमूर्ती तेथे रांगेने मांडल्या आहेत. शेतांत पुरलेल्या, पडक्या देवळांत राहिलेल्या अशा कित्येक मूर्ती गोळा करून तेथे आणल्या गेल्या. त्याच वाड्यात सरफोजी महाराजांचा संगमरवरी पुतळा आहे. डोक्यावर तंजावरी टोकदार पगडी आहे. हाती तलवार नाही. दोन्ही हात जोडलेले आहेत.