कलेचे उपासक ओकाकुरा

चहासारख्या नित्याच्या पेयावर ग्रंथ लिहून आपल्या राष्ट्राची ओळख जगाला करून देणारे काकुझो ओकाकुरा यांचा जन्म १८६३ साली जपानमधील योकोहामा या बंदरात झाला. त्यांचे वडील मूळचे सामुराई, म्हणजे लढवय्या वर्गातील. पुढे ते रेशमाचा व्यापार करू लागले. परकीयांशी व्यवहार करावयाचा तर इंग्रजी आलेच पाहिजे, हे ओळखून त्यांनी मुलाला लहानपणीच मिशनऱ्यांकडे शिकावयास पाठविले.

एकदा वडिलांबरोबर जात असता वाटेवरील फलकाची जपानी अक्षरे काकुझोला वाचता येईनात, अशी हकीकत सांगतात. इंग्रजी घडाघडा बोलणारा आपला मुलगा स्वभाषेत निरक्षर राहिला, हे पाहून वडील चपापले. त्यांनी त्याला एका बौद्ध मंदिरात जुन्या विद्येच्या अभ्यासासाठी ठेवले.

तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. १८६८ च्या राज्यक्रांतीनंतर पश्चिमेचे अनुकरण म्हणजेच प्रगती, असे अनेकांस वाटू लागले. मंदिरांतील प्राचीन मूर्ती भंगल्या, चित्रे कवडीमोलाने विकली गेली. ओकाकुरा आपले अमेरिकन प्राध्यापक फेनोलोसा यांच्यासह जुन्या मंदिरांतून हिंडू लागले. होर्युजी येथील मंदिरात एक मूर्ती शतकानुशतके वस्त्रांत गुंडाळलेली होती. ती उघडल्यास भूकंप होईल, अशी तेथील भिक्षूंची धास्ती. १८८४ साली या दोघांनी त्यांची समजूत घालून ती उघडविली. भूकंप झाला नाही. जपानी शिल्पाचे एक अनमोल रत्न मात्र प्रकाशात आले.

पुढे १८९० साली ओकाकुरा तोक्योच्या सरकारी कलाशाळेचे प्रमुख झाले. तेथे त्यांनी जपानी कुंचल्याला मानाचे स्थान दिले. आठ वर्षांनी वाद विकोपास जाऊन त्यांना ते पद सोडावे लागले. परंतु ते खचले नाहीत. अनेक सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी नवी कलासंस्था स्थापन केली.

१९०२ च्या आरंभी ते भारतात आले. स्वामी विवेकानंदांसमवेत त्यांनी बुद्धगयेचे दर्शन घेतले. ठाकूर कुटुंबाशी त्यांचा स्नेह जडला. आपल्या महाराष्ट्रातील अजिंठा व वेरूळ ही लेणीही त्यांच्या प्रवासात होती. होर्युजीच्या भिंतींवरील चित्रे पाहताना अजिंठ्याची आठवण होते. बुद्धाच्या धर्माबरोबर भारताची कलाही चीनमार्गे जपानला पोहोचली होती, याची ती खूण होय.

१९०४ पासून ओकाकुरा अमेरिकेतील बोस्टनच्या कलासंग्रहालयात काम करू लागले. त्याच सुमारास जपानने रशियाशी युद्ध करून विजय मिळविला आणि पाश्चात्त्य जग जपानची वाहवा करू लागले. शस्त्रामुळे मिळालेला हा मान ओकाकुरांना रुचला नाही. जपानचे मोठेपण शांततेच्या कलांत आहे, हे सांगण्यासाठी त्यांनी १९०६ साली चहावर एक छोटासा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला.

हा चहा आपल्या दूधसाखरेच्या चहाहून निराळा. झाड तेच, पण खुडलेली पाने लगेच वाफवितात, म्हणून त्यांचा रंग हिरवा राहतो. ती वाळवून जात्यावर बारीक दळतात आणि ती पूड गरम पाण्यात बांबूच्या लहान रवीने घुसळतात. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या आचार्याने या चहापानाला साधेपणाची शिस्त लावली. चहागृहाचे दार इतके ठेंगणे, की सामुराईलाही तलवार बाहेर ठेवून वाकूनच आत जावे लागे. आत एखादे चित्र, एखादे फूल आणि हाताने घडविलेला ओबडधोबड पेला, एवढेच वैभव. चित्रकार, कुंभार, सुतार, माळी या सर्वांच्या कलेला या चहाने वळण लावले, हे ओकाकुरांनी जगाला पटवून दिले.

२ सप्टेंबर १९१३ रोजी त्यांचे निधन झाले. इझुरा येथे समुद्रकाठच्या खडकावर त्यांनी चिंतनासाठी एक षट्कोनी कुटी बांधली होती. २०११ च्या प्रचंड समुद्रलाटेत ती वाहून गेली. जपानी लोकांनी पुढच्याच वर्षी ती त्याच जागी, पूर्वीसारखीच पुन्हा उभी केली. ज्यांनी राष्ट्राचा विस्मृत ठेवा जपला, त्यांची आठवण राष्ट्रानेही जपली.