ताजमधला ट्रम्पेट

एप्रिल १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले. तेच पुढे सेवाग्राम झाले. त्याच सुमारास मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेहून आलेले कृष्णवर्णीय वादक जॅझ वाजवीत होते. इकडे चरखा, तिकडे ट्रम्पेट. या दोन जगांचा कधी संबंध येईल असे तेव्हा कोणाला वाटले नसेल. पण तो आला, आणि कसा आला हे चिक चॉकलेट या वादकाच्या आयुष्यातून दिसते.

नाव गमतीचे, खरे नाव अँतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ चा, गोव्यातल्या हळदोणे गावचा. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना गाणे, व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत. पोटासाठी मुंबईची वाट धरणाऱ्या अनेक गोवेकर तरुणांची हीच शिदोरी असे. अँतोनियोने ट्रम्पेट हाती घेतला आणि लुई आर्मस्ट्राँगला मनोमन गुरू मानले. तोच घोगरा आवाज, तोच घाम पुसायचा रुमाल. लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. चाळीसच्या दशकात खुद्द ताजमध्ये त्याचा बँड वाजत होता.

मग स्वातंत्र्य आले, आणि पाठोपाठ दारूबंदी. गांधीजींच्या विधायक कार्यक्रमातले हे एक कलम. मुंबई राज्याने १९४९ मध्ये त्याचा कायदा केला. सेवाग्रामच्या माणसाला हा विचार नवा नाही. वर्धा जिल्ह्यात आजही दारूबंदी आहे. मुंबईतल्या हॉटेलांच्या रात्री मात्र ओसरू लागल्या, आणि अनेक बँडवाल्यांना सिनेमाच्या स्टुडिओचा आधार घ्यावा लागला.

चिकची पावले त्याआधीच तिकडे वळली होती. तिथे त्याला सी. रामचंद्र भेटले. अण्णा पुणतांब्याचे, नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे गाणे शिकलेले. चाल त्यांची, पण ती वीस-पंचवीस वादकांनी एकत्र वाजवायची, तर कोणी कुठे काय वाजवायचे हे कागदावर लिहून द्यावे लागे. स्वरलिपी जाणणारे गोवेकर हे काम करीत. चिक हा अण्णांचा असाच सहायक. भगवानदादांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त तर तो आपल्या बँडसह झालरीचे सदरे घालून पडद्यावरही दिसतो.

तरीही गाणे लक्षात राहिले ते गायिकेच्या, संगीतकाराच्या, फार तर नटाच्या नावाने. रेकॉर्डवर वादकांची नावे छापण्याची रीतच नव्हती. बँकेत आम्ही पैशाच्या नोंदीखालीही सही घेत असू. इथे रात्र जागून लिहिलेल्या पानांना सही नव्हती. १९६७ मध्ये मुंबईत चिक गेला, तेव्हा तो जेमतेम पन्नाशीचा होता.

गोव्याच्या या वादकांवर अलीकडे पुस्तके आणि माहितीपट निघाले आहेत, ही समाधानाची गोष्ट. पण ते हाती येईपर्यंत थांबायला नको. ‘अलबेला’ पुन्हा कधी पाहाल तेव्हा घरातल्या मुलांना ट्रम्पेटवाला दाखवा, आणि तो हळदोण्याचा वाझ आहे हेही सांगा.