आकड्यांना वाचा देणारे नामदार गोखले

सप्टेंबर संपत आला की खरिपाची नजरअंदाज पैसेवारी जाहीर होते आणि अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळीसारख्या तालुक्यात गावोगाव एकच प्रश्न विचारला जातो : आपले गाव ५० पैशांच्या आत की बाहेर? नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा तीन टप्प्यांनी हा आकडा ठरतो. जमीन महसुलातील सूट, वीजबिलातील सवलत, मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी अशा कित्येक गोष्टी त्याच्याशी निगडित राहत आल्या आहेत. कपाशी, सोयाबीन आणि तूर पिकविणाऱ्या कुटुंबाचे वर्ष ज्या आकड्यावर अवलंबून असते, तो कोणत्या शेतांतील पीक कापून काढला, मागील दहा वर्षांत तो कसा चढला-उतरला, शेजारच्या गावाहून तो वेगळा का, याचा उलगडा नुसत्या यादीवरून होत नाही. यादी हाती येते, अर्थ हाती येत नाही. आकडा खोटा असतोच असे नव्हे. पण तो मुका असतो, आणि मुक्या आकड्याशी सामान्य माणसाला वाद घालता येत नाही.

आकड्यांना बोलते करण्याची साधने आज विपुल आहेत. विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली व्यापाराचे आकडे रेषांनी व स्तंभांनी दाखविले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ साली क्रिमियन युद्धातील सैनिकांच्या मृत्यूची कारणे रंगीत चक्राकृतींतून मांडली. तेव्हापासून आलेख, नकाशे आणि चित्राकृती यांचे शास्त्रच बनले आहे. शासकीय फलकांपासून वृत्तपत्रांच्या पानांपर्यंत त्यांचा सुळसुळाट झाला आहे. परंतु चित्र ही या विद्येची शेवटची पायरी होय. कोणता आकडा घ्यावा, तो कोणाशेजारी ठेवावा, कोणत्या मापाने मोजावा आणि त्याचा आधार काय हे कसे सांगावे, या तिच्या आधीच्या पायऱ्या आहेत. त्या न चढता काढलेले चित्र रंगीत असले तरी आंधळेच राहते. महाराष्ट्रात या पायऱ्या कष्टाने चढून गेलेला एक थोर पुरुष होऊन गेला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची ख्याती आलेखांसाठी नाही; पण आकडे लोकांपुढे कसे ठेवावेत याचा त्यांच्याइतका चांगला वस्तुपाठ दुसऱ्या कोणी क्वचितच घालून दिला असेल.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपल्याने वडील भावाच्या तुटपुंज्या कमाईवर त्यांचे शिक्षण झाले. दुसऱ्याच्या मदतीने सोडविलेल्या गणिताबद्दल शाबासकी मिळताच वर्गात रडून खरे सांगणाऱ्या मुलाची गोष्ट त्यांच्याविषयी सांगितली जाते. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि पुढील वर्षी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणितही शिकविले, इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकविले. त्यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक अनेक वर्षे शाळांतून चालले. अवघड उदाहरण मुलांच्या गळी कसे उतरवावे, ही विवंचना असलेला शिक्षक त्यांच्यात अखेरपर्यंत जागा होता.

मात्र गणित येणे वेगळे आणि देशाचा जमाखर्च वाचता येणे वेगळे. ही दुसरी विद्या त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडे मिळाली. १८८७ च्या सुमारास तरुण गोखले रान्यांच्या सहवासात आले. सार्वजनिक सभेचे चिटणीसपद आणि तिच्या त्रैमासिकाचे संपादन त्यांच्याकडे आले. सरकारी अहवाल, अंदाजपत्रके आणि शिरगणतीची बाडे उपसावयाची, त्यांतून अर्ज व निवेदने तयार करावयाची, आणि रान्यांनी दोष दाखविले की पुन्हा लिहावयाची, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालला. दुसरे गुरू गणेश व्यंकटेश जोशी. सोलापूरच्या हायस्कुलाचे हे मुख्याध्यापक सरकारी नोकरीत असल्यामुळे फारसे पुढे आले नाहीत. पण हिंदुस्थानच्या अर्थव्यवहाराच्या आकड्यांवर त्यांच्याएवढी हुकमत असलेला माणूस त्या काळी विरळाच होता. गोखल्यांच्या गाजलेल्या भाषणांमागे सोलापूरच्या या मास्तरांचा अबोल अभ्यास उभा आहे, हे महाराष्ट्राने विसरता कामा नये.

या शिक्षणाची पहिली कसोटी १८९७ साली लागली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले. वयाची ३१ वर्षेही पूर्ण न झालेल्या या प्राध्यापकाची एप्रिल महिन्यात कसून उलटतपासणी झाली. लष्करावरील खर्च, विलायती अधिकाऱ्यांचे पगार, शिक्षणाची आबाळ यांचे आकडे त्यांनी अशा रीतीने मांडले होते, की त्यांच्या निष्कर्षांशी मतभेद शक्य होता, आकड्यांशी नव्हता. साक्ष उत्तम वठली आणि त्यांचे नाव झाले.

परंतु त्याच मुक्कामात दुसरी कसोटी आली, आणि तीत ते उतरले नाहीत. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी आलेल्या सैनिकांकडून स्त्रियांवर अत्याचार झाल्याचे त्यांना पुण्याच्या पत्रांवरून कळले होते. तो आरोप त्यांनी विलायतेत जाहीरपणे केला. सरकारने पुरावा मागितला. गोखले परतले तेव्हा रँडच्या वधामुळे पुण्याचे वातावरण भयग्रस्त झाले होते. माहिती देणाऱ्यांची नावे उघड करता येत नव्हती आणि नावांवाचून आरोप उभा राहत नव्हता. प्लेगच्या तपासणीत लोकांना अनन्वित त्रास झाला, हे पुणेकर जाणून होते. पण त्या विशिष्ट आरोपाचा आधार गोखल्यांना जगापुढे ठेवता आला नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी बिनशर्त माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना भित्रे ठरविले, परकीयांनी खोटे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे अधिवेशन वऱ्हाडात, अमरावतीला भरले. त्या वेळी ही जखम ओलीच होती.

एकाच वर्षातील या दोन प्रसंगांत गोखल्यांच्या पुढील आयुष्याची किल्ली सापडते. कमिशनपुढे ते बोलले ते असे, की कोणालाही मूळ कागद काढून पडताळता यावे. वृत्तपत्रांत ते बोलले ते असे, की ऐकणाऱ्याने केवळ त्यांच्यावर विश्वास ठेवावा. पहिले टिकले, दुसरे कोसळले. त्यानंतर आधार दाखविता येणार नाही असे विधान करावयाचे नाही, हा जणू त्यांचा नेमच झाला. माहितीच्या मांडणीला कलेचे स्वरूप पुढे कितीही येवो, तिचा पाया हा आहे. पाहणाऱ्याला पडताळणी करता आली नाही, तर सुंदर आलेख हीही एक अफवाच होय.

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात गोखल्यांचे अंदाजपत्रकावरील पहिले भाषण झाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी देश होरपळून निघाला होता. वऱ्हाडापुरते पाहावयाचे तर १८९१ च्या शिरगणतीत सुमारे २९ लाख असलेली वस्ती १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली होती. सरकारच्या हिशेबात मात्र ७ कोटींहून अधिक रुपयांची शिल्लक दिसत होती, आणि ती सुबत्तेची खूण मानली जात होती. गोखल्यांनी शिल्लक नाकारली नाही. त्यांनी तिच्या शेजारी रुपयाचा भाव ठेवला. विलायतेत दरसाल भरावयाचा खर्च पौंडांत ठरलेला असे. १८९४-९५ च्या सुमारास रुपया १३ पेन्सांवर उतरला होता, तेव्हा एका पौंडासाठी जवळजवळ साडेअठरा रुपये मोजावे लागत. रुपया १६ पेन्सांवर चढताच १५ रुपयांत तेच काम भागू लागले. पण भाव उतरत असताना जे कर वाढविले होते, ते तसेच चालू राहिले. १८८८ साली मिठावरील कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये झाला होता, तोही कायम होता. म्हणजे शिल्लक ही रयतेच्या भरभराटीतून आलेली नव्हती, तर गरजेहून अधिक घेतलेल्या करांतून आली होती.

येथे नवा असा एकही आकडा नव्हता. सारे आकडे सरकारच्याच पुस्तकांतले होते. नवी होती ती त्यांची शेजारशेजारची मांडणी. एकटा आकडा काहीच सांगत नाही. त्याला योग्य शेजार मिळाला म्हणजे तो बोलू लागतो. १९०३ साली मिठावरील कर २ रुपयांवर, १९०५ साली दीड रुपयावर आणि १९०७ साली १ रुपयावर आला. याचे सारे श्रेय एका भाषणाला देता येणार नाही. पण वर्षामागून वर्षे त्याच प्रश्नावर, त्याच स्वच्छ रीतीने मांडलेल्या हिशेबाचा त्यात मोठा वाटा होता.

या विद्येचा कळस मात्र शिक्षणाच्या प्रश्नावर झाला. १९०५ साली भारत सेवक समाजाची स्थापना करून गोखल्यांनी लोकसेवेला वाहिलेले कार्यकर्ते घडविण्यास प्रारंभ केला होता. १८ मार्च १९१० रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याच्या दिशेने ठराव मांडला. शाळा किती आणि खर्च किती यांच्या गर्दीत ते शिरले नाहीत. एकूण लोकसंख्येपैकी शेकडा किती जण प्राथमिक शाळेत शिकत आहेत, एवढे एकच माप त्यांनी सर्व देशांना लावले आणि जगाला उतरत्या क्रमाने उभे केले. अमेरिकेत शेकडा २१, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, स्वित्झर्लंड येथे २० ते १७, फ्रान्समध्ये १४ च्या वर, जपानात ११, इटली व स्पेनमध्ये ८ ते ९, रशियात ४ ते ५, आणि अखेरीस ब्रिटिश हिंदुस्थानात १.९.

आजच्या चित्रकाराला या एका परिच्छेदापुढे फारसे काम उरत नाही. बार्शीटाकळीच्या बाजारात एका फळ्यावर खडूने २१ बोटे, ११ बोटे, साडेचार बोटे आणि दोन बोटांहूनही आखूड अशा चार पट्ट्या ओढाव्यात. अक्षरशत्रू माणसालाही जे समजावयाचे ते समजेल. एक माप, एक क्रम, आणि पाहणाऱ्याची नजर शेवटी जेथे थांबावी तेथे आपला देश.

यावर येणारा आक्षेपही गोखल्यांनी ओळखला होता. पाश्चात्त्य देशांची तुलना येथे गैरलागू आहे, असे म्हटले जाणारच. म्हणून त्यांनी बडोद्याचा दाखला पुढे केला. सयाजीराव महाराजांच्या राज्यात त्याच मातीतली, त्याच रीतिरिवाजांची मुले होती. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलांपैकी तेथे शंभरात सुमारे ८० शाळेत होती, ब्रिटिश हिंदुस्थानात २१-२२. मुलींमध्ये तेथे शंभरात सुमारे ४८, येथे ४. दूरची तुलना डोळे दिपविते, जवळची तुलना सबब काढून घेते.

१९११ साली त्यांनी विधेयक आणले. ६ ते १० वर्षांच्या मुलांपुरती, तीही स्थानिक संस्थांच्या इच्छेवर सोपविलेली सक्ती, एवढीच त्याची माफक मागणी होती. मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी ते फेटाळले गेले. त्यांनी मांडलेले आकडे कोणी खोडून काढले नव्हते. तरीही ते हरले. आकडे स्पष्ट मांडले की न्याय आपोआप मिळतो, अशी भाबडी समजूत त्यामुळे कोणी करून घेऊ नये. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी गोखले पुण्यात निवर्तले. मुंबई इलाख्यात सक्तीच्या शिक्षणाचा पहिला कायदा त्यांच्यानंतर ३ वर्षांनी, १९१८ साली झाला. आणि ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीचा शिक्षणाचा हक्क देशभर अमलात येण्यास १ एप्रिल २०१० हा दिवस उजाडावा लागला.

मग त्या मांडणीचा उपयोग काय झाला? उपयोग असा, की १९१० नंतर ही स्थिती ठाऊक नव्हती असे म्हणण्याची सोय कोणालाही उरली नाही. निकाल मतांनी लागला, पण प्रश्न पुसला गेला नाही. स्पष्ट मांडलेला आकडा सत्तेला नमवीलच असे नाही. तो तिला अज्ञानाचा आडोसा घेऊ देत नाही, आणि ज्यांच्याविषयी तो आहे त्यांच्या हाती प्रश्न विचारण्याचे साधन देतो.

बार्शीटाकळीच्या शेतकऱ्याला आज हेच साधन हवे आहे. गावाच्या पैसेवारीशेजारी मागील दहा वर्षांची पैसेवारी, पीक कापणी प्रयोग ज्या शेतांत झाले त्यांची नोंद, शेजारच्या गावांचे आकडे, आणि ५० पैशांची एक ठळक रेघ एवढे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगविणे अशक्य नाही. शाळेच्या पटाचे आणि पाणीपुरवठ्याचेही तसेच करता येईल. त्यासाठी मोठा खर्च लागणार नाही. आकडा लोकांचा आहे आणि तो लोकांना पडताळता आला पाहिजे, एवढी निष्ठा मात्र लागेल. गोखल्यांनी ती निष्ठा एका जाहीर मानहानीतून आत्मसात केली आणि आयुष्यभर जपली. त्यांच्या जयंत्या-पुण्यतिथ्यांना हार घालणाऱ्या महाराष्ट्राने ती निदान एखाद्या भिंतीवर उतरविण्यास हरकत नसावी.