शत्रूच्या गणवेशातला सज्जन : कॉन्राड फाइट

नाटकातल्या दुष्ट पुरुषाच्या नावाने बोटे मोडीत घरी यावे आणि पुढे कधी तो नट प्रत्यक्ष भेटला म्हणजे अगदी साधा, सालस गृहस्थ निघावा, हा अनुभव नाट्यवेड्या घरांना नवा नाही. पण ज्यांनी आपल्याला देशोधडीला लावले त्यांचाच गणवेश अंगावर चढवून पोट भरण्याची पाळी एखाद्या नटावर यावी, ही गोष्ट विरळाच. कॉन्राड फाइट या जर्मन नटाच्या वाट्याला ती आली. ‘कॅसाब्लांका’ हा युद्धकाळातला गाजलेला अमेरिकन बोलपट आपल्यापैकी काही जणींनी पाहिला असेल. त्यातला ताठ मानेचा, थंड डोळ्यांचा जर्मन अधिकारी मेजर स्ट्रासर म्हणजेच हा फाइट. भगिनींनी त्याचे चरित्र मुद्दाम वाचावे असे आहे. कारण त्याच्या आयुष्याला जे मोठे वळण लागले ते पत्नीची साथ न सोडण्यामुळे लागले.

२२ जानेवारी १८९३ रोजी बर्लिन शहरात त्याचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची. वडील पूर्वी लष्करात होते, पुढे सरकारी नोकरीत आले. थोरला भाऊ लहानपणीच तापाने गेला. वडील मोठ्या दुखण्यात सापडले तेव्हा एका शल्यवैद्याने घरची ऐपत पाहून, झेपतील एवढेच पैसे घेतले. त्या उपकाराचा कॉन्राडच्या मनावर असा ठसा उमटला की आपणही शल्यवैद्य व्हायचे असे त्याने ठरवून टाकले. पण नुसते ठरवून काय होते! शाळा संपली तेव्हा तेरा मुलांच्या वर्गात याचा नंबर तेरावा. वैद्यकीचा विषय तिथेच मिटला.

शाळेच्या नाताळातल्या नाटकात मात्र पडदा उघडण्यापूर्वीचे प्रास्ताविक भाषण त्याने इतके छान केले होते की पाहुण्यांनी नाटकापेक्षा त्याचीच वाखाणणी केली. तेव्हापासून त्याला नाटकाचे वेड लागले. वडिलांच्या लेखी नट म्हणजे ओवाळून टाकलेली, भटकी जमात. आई मात्र नाटके पाहण्यासाठी त्याच्या हातावर पैसे ठेवी. आयांचे हे गुपचूप देणे जगात सगळीकडे सारखेच दिसते! १९१३ साली माक्स राइनहार्ट या थोर दिग्दर्शकासमोर त्याची परीक्षा झाली. राइनहार्ट सारा वेळ खिडकीबाहेर बघत होते म्हणतात. तरी महिना पन्नास मार्कांवर गर्दीतल्या किरकोळ कामांसाठी त्याला ठेवून घेतले.

वर्षभरातच पहिले महायुद्ध पेटले. त्याला सक्तीने सैन्यात नेले आणि १९१५ मध्ये पूर्वेच्या आघाडीवर पाठवले. तिथे कावीळ आणि न्यूमोनिया झाला आणि त्याची रवानगी बाल्टिक किनाऱ्यावरच्या इस्पितळात झाली. पुढे सैनिकांसाठी चालणाऱ्या नाट्यगृहात त्याला काम मिळाले आणि १९१७ च्या जानेवारीत प्रकृतीच्या कारणावरून सैन्यातून सुटका झाली. युद्ध म्हणजे काय हे त्याने असे अंगावर भोगले होते.

बर्लिनला परतल्यावर तो रंगभूमीवरून मूकपटात शिरला. उंच, कृश बांधा, लांब बोटे आणि भेदक डोळे. शब्दावाचून बोलायच्या त्या कलेला असाच चेहरा हवा होता. १९२० सालच्या ‘डॉक्टर कालिगारीची पेटी’ या चित्रपटात झोपेत चालणारा, दुसऱ्याच्या हुकुमाने खून करणारा सेझारे त्याने असा उभा केला की तो चित्रपट आजही अभ्यासाला असतो. ‘हिंदुस्थानी समाधी’ या १९२१ च्या जर्मन चित्रपटात तर तो चक्क आपल्याकडचा महाराजा झाला होता! हिंदुस्थानातला तो सगळा थाटमाट बर्लिनजवळ उभारला होता, हे वाचून हसू येते. पुढे हॉलिवुडचे बोलावणे आले. १९२८ च्या ‘हसणारा माणूस’ या चित्रपटात, लहानपणी चेहरा कायमचा हसरा कापून ठेवलेल्या दुर्दैवी माणसाची भूमिका त्याने केली. ‘बॅटमन’च्या चित्रकथांतला जोकर त्याच चेहऱ्यावरून सुचला. बोलपट आल्यावर इंग्रजी उच्चारांची अडचण दिसू लागली आणि १९२९ मध्ये तो मायदेशी परतला.

त्याचे संसार मात्र टिकत नव्हते. दोन विवाह मोडले. दुसऱ्या पत्नीपासून एक मुलगी होती. १९३३ च्या मार्चअखेरीस त्याने लिली प्रागर या हंगेरियन ज्यू बाईशी लग्न केले. जानेवारीत हिटलर सत्तेवर आलेला. ज्यूंना सिनेमासृष्टीतून हुसकून लावण्याचे काम सुरू झाले होते आणि प्रत्येकाला वंशाची माहिती देणारा फॉर्म भरावा लागे. फाइट स्वतः ख्रिस्ती घरातला. खरे तेच लिहिले असते तरी त्याचे स्थान अबाधित राहते; पत्नीला सोडले असते तर राज्यकर्त्यांनी डोक्यावर घेतले असते. त्याने वंशाच्या रकान्यात स्वतःला ज्यू असे लिहिले आणि लिलीला घेऊन इंग्लंड गाठले. चाळिसाव्या वर्षी, जर्मनीतला अव्वल नट असताना, परक्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

इंग्लंडमध्ये त्याने ‘भटका ज्यू’ आणि ‘ज्यू झ्यूस’ या दोन चित्रपटांत ज्यूंचे दुःख मांडणाऱ्या भूमिका केल्या. या दोहोंच्या मध्ये एका चित्रपटासाठी तो जर्मनीत गेला असता त्याला तिथेच अडकवून ठेवले आणि तो आजारी असल्याचे कळवले. इंग्लंडच्या चित्रसंस्थेने आपला डॉक्टर पाठवला तेव्हा कुठे सुटका झाली. लिलीच्या आईवडिलांनाही त्याने ऑस्ट्रियातून स्वित्झर्लंडला हलवले. फेब्रुवारी १९३९ मध्ये तो ब्रिटिश नागरिक झाला.

त्याच वर्षी युद्ध सुरू झाले. इंग्लंडमध्ये पॉल हेनराइड नावाचा एक ऑस्ट्रियन नट होता. शत्रुदेशाचा नागरिक म्हणून त्याला छावणीत टाकण्याची किंवा देशाबाहेर घालवण्याची वेळ आली. फाइटने त्याच्यासाठी शब्द टाकला आणि हेनराइड वाचला. हे नाव भगिनींनी ध्यानात ठेवावे.

‘बगदादचा चोर’ या चित्रपटात म्हैसूरकडच्या साबूबरोबर फाइट दुष्ट वजीर जाफर झाला होता. युद्धामुळे त्याचे उरलेले चित्रण अमेरिकेत न्यावे लागले आणि १९४० मध्ये फाइट तिकडे गेला तो तिथेच राहिला. पण मन लंडनमध्येच. कमाईतला मोठा भाग तो ब्रिटिश युद्धनिधीला देई. बाँबहल्ल्यांत आसऱ्याला राहिलेल्या मुलांसाठी नाताळात त्याने खाऊ धाडला.

अमेरिकेत जर्मन उच्चाराच्या नटाला भूमिका कोणत्या मिळणार? नाझींच्याच! त्याने त्या घेतल्या, पण एका अटीवर. नाझी रंगवायचा तर तो दुष्टच दाखवला पाहिजे. त्याला मोठेपणा देणार नाही. आपल्या मते ही अट म्हणजेच त्याची लढाई होती. १९४२ च्या ‘नाझी हेर’मध्ये तर दोन जुळ्या भावांच्या दोन्ही भूमिका त्याच्याच : एक नाझी, दुसरा पापभीरू पुस्तकविक्या.

त्याच उन्हाळ्यात ‘कॅसाब्लांका’चे चित्रण झाले. मोरोक्कोतल्या त्या शहरात युरोपातून पळालेले लोक अमेरिकेच्या वाटेची परवानगी मिळवण्यासाठी अडकून पडले आहेत, अशी कथा. झेक देशभक्त लास्लो आणि त्याची पत्नी इल्सा यांच्या मागावर मेजर स्ट्रासर येतो. लास्लो झाला होता पॉल हेनराइड! ज्याला वाचवले त्याचीच शिकार करण्याचे सोंग फाइटला आणावे लागले. इतरही बहुतेक जण असेच. पीटर लोरे १९३३ मध्ये जर्मनी सोडून निघालेला. हॉटेलातला गोल चेहऱ्याचा प्रेमळ कार्ल म्हणजे हंगेरियन ज्यू साकाल. त्याच्या तीन बहिणी छळछावण्यांत बळी गेल्या. जुगाराच्या टेबलावरचा मार्सेल दालियो १९४० मध्ये पॅरिसहून निसटलेला फ्रेंच ज्यू. ज्यूचा नमुना म्हणून त्याचा चेहरा नाझींनी भित्तिपत्रकांवर छापला होता. जर्मन अधिकाऱ्यांचे गाणे बंद पाडून सारे हॉटेल फ्रान्सचे राष्ट्रगीत म्हणते त्या प्रसंगात मादलेन लबो ही दालियोची तरुण पत्नी रडताना दिसते. त्या वेळी हजर असलेल्यांनी पुढे सांगितले की कितीतरी जणांचे अश्रू खरे होते. आणि समोर, दात आवळून पाहणारा नाझी मेजर, तोही त्यांच्यातलाच एक निर्वासित!

पुढे हंफ्री बोगार्ट आणि इनग्रिड बर्गमन यांना या चित्रपटाने अमर केले. बर्गमनला तीन ऑस्कर पारितोषिके मिळाली. १९८२ मध्ये आपल्या सदुसष्टाव्या वाढदिवशीच ती गेली. हेनराइडला राजकीय मतांमुळे काम मिळेनासे झाले, तेव्हा तो दिग्दर्शनाकडे वळला. लबो सर्वांत मागे उरली. ती २०१६ मध्ये वारली.

फाइटला यातले काही पाहायला मिळाले नाही. ‘कॅसाब्लांका’ देशभर लागून तीन महिनेही झाले नव्हते. ३ एप्रिल १९४३ रोजी लॉस एंजेलिसला गोल्फ खेळता खेळता तो हृदयविकाराने कोसळला. वय अवघे पन्नास. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर ‘कॅसाब्लांका’ला पुढल्या वर्षी मिळाले. त्याचा अखेरचा चित्रपट मागाहून झळकला; त्यात तो नाझींच्या विरोधकांना साहाय्य करणारा झाला होता.

लिली त्याच्यामागे सदतीस वर्षे जगली. १९८० मध्ये तिचे निधन झाले. १९९८ मध्ये दोघांच्या अस्थी लंडनला, गोल्डर्स ग्रीन येथे शेजारी शेजारी ठेवण्यात आल्या.